पाला ओळखणारा हात
वसईच्या पूर्वपट्टीतील झाडपाल्याच्या ज्ञानाचा एक अभ्यास
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

दुखणेकऱ्याला बरे करणाऱ्या माणसाला मराठीत एकच नाव नाही. शास्त्र शिकून औषध देतो तो वैद्य. गावोगाव हिंडून जडीबुटी विकतो तो वैदू. तांदूळ पाहून दुखण्याचे कारण सांगतो तो भगत. बाळंतपण करते ती सुईण आणि निखळलेले हाड बसवितो तो हाडवैद्य. यांखेरीज आणखी एक माणूस प्रत्येक पाड्यावर असे, आणि काही ठिकाणी अजून आहे. तो भाताची शेती करतो, मजुरीला जातो, लाकूडफाटा आणतो आणि कोणी अडलेला दारात आला तर रानात जाऊन पाला, साल किंवा मुळी आणून देतो. या माणसाला आपल्या भाषेत वेगळे नाव नाही. लोक ‘झाडपाल्याचे औषध देणारा’ एवढेच म्हणतात. प्रस्तुत लेख या नाव नसलेल्या माणसाविषयी आहे.

आरंभीच लेखाची मर्यादा सांगावयास हवी. मी कलाशाखेची विद्यार्थिनी आहे. कोणत्या औषधाने कोणता रोग बरा होतो हे ठरविण्याचा मला अधिकार नाही, म्हणून या लेखात एकाही औषधाचे प्रमाण अथवा कृती दिलेली नाही. मला दोनच प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. हा माणूस नेमके काय जाणतो? आणि जे जाणतो ते दुसऱ्याकडे कसे जाते, किंवा का जात नाही?

या अभ्यासाला आधार आहे तो माझ्या आजांचा, म्हणजे वडिलांच्या वडिलांचा. सारा पाडा त्यांना ‘आजा’ म्हणतो. त्यांचे आणि पाड्याचे नाव येथे देत नाही, कारण नाव छापले की मुळ्या विकत मागणाऱ्यांच्या गाड्या दारात येतात असा त्यांचा अनुभव आहे. आमच्या घरात महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. वडील वालीवच्या एका कारखान्यात कामाला आहेत. गेले दोन पावसाळे सुट्टीच्या दिवशी मी आजांबरोबर रानात जाते व घरी आल्यावर वहीत लिहिते. त्या वहीतून हा लेख तयार झाला आहे.

प्रदेश आणि माणसे

वसई म्हटले की बाहेरच्या माणसाला किल्ला, केळीच्या वाड्या, फुले, पानमळे आणि चर्च आठवतात. ही झाली पश्चिमेची वसई. रेल्वे आणि अहमदाबादचा महामार्ग ओलांडला की दुसरी वसई सुरू होते. तुंगारेश्वराचा डोंगर, तानसा नदीचे खोरे, पारोळ, शिवणसई, उसगाव, भाताणे, मेढे, सकवार ही गावे आणि त्यांच्या अंगाखांद्यावरचे पाडे. येथे वारली, मल्हार कोळी, कातकरी, आगरी, कुणबी अशी माणसे राहतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला. त्याआधी, २००९ मध्ये, वसई-विरार महानगरपालिका झाली होती. तुंगारेश्वरचे सुमारे ८५ चौरस किलोमीटर रान २००३ मध्ये अभयारण्य झाले. एका बाजूने इमारती वर चढत आहेत, दुसऱ्या बाजूने राखीव रानाची हद्द आहे आणि मधल्या पट्ट्यात आमचे पाडे आहेत. झाडपाल्याचे ज्ञान याच मधल्या पट्ट्यात जगते आहे.

ज्ञानाची पाच अंगे

झाडपाल्याचे ज्ञान म्हणजे ‘अमक्या रोगावर तमकी वनस्पती’ अशी यादी, असा आपला समज असतो. वही भरत गेली तसे मला दिसले की यादी हा त्या ज्ञानाचा सर्वांत लहान भाग आहे. आजांचे ज्ञान मला पाच अंगांत विभागता येते: ओळख, अंग, ऋतू, माप आणि मर्यादा.

पहिले अंग ओळख. कुड्याचे उदाहरण घेऊ. कुड्याची साल हगवणीवर देतात हे कोकणात पुष्कळांना ठाऊक असते. परंतु रानात कुडे दोन. पांढरा कुडा औषधाचा, काळा कुडा वेगळा. दोघांनाही चीक येतो, दोघांनाही पांढरी फुले येतात, दोघांच्याही शेंगा जोडीने लोंबतात. आजा शेंगेचे टोक पाहतात. काळ्या कुड्याच्या दोन्ही शेंगा कोवळेपणी टोकाशी जुळलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या. शेंगा नसल्या तर साल चाखतात, ती कडूजहर लागली पाहिजे. बाजारातसुद्धा एकाचे बी ‘कडू इंद्रजव’ व दुसऱ्याचे ‘गोड इंद्रजव’ म्हणून वेगळे ओळखले जाते, आणि तरीही एकाच्या जागी दुसरे खपविण्याचे प्रकार फार जुने आहेत.

दुसरे अंग म्हणजे वनस्पतीचा कोणता भाग घ्यावयाचा. अडुळशाचा पाला, कुड्याची साल, करंजाच्या बीचे तेल, मुरुडशेंगेची पिळदार शेंग. बाळगुटीच्या सहाणेवर ती शेंग उगाळलेली आपल्यापैकी कित्येकांनी पाहिली असेल. साल काढताना आजा खोडाच्या एकाच अंगाची काढतात. भोवतालची साल सोलली की झाड मरते. मूळ खणावयाचेच असेल तर अर्धे जमिनीत ठेवून माती परत लोटतात.

तिसरे अंग ऋतू. टाकळा पहिल्या पावसात कोवळा असतो तेव्हा भाजी. पुढे शेंगा धरल्यावर त्याचे बी दादेवर लावावयास ठेवतात. संस्कृतात टाकळ्याला ‘दद्रुघ्न’ म्हणजे दादेचा नाश करणारा असेच नाव आहे, हे मला महाविद्यालयात आल्यावर कळले. आजांचा नियम असा की पाला पावसात, साल पाऊस सरल्यावर आणि मूळ पानगळ झाल्यावर घ्यावे. ग्रंथालयातील चरकसंहितेच्या भाषांतरात मी कल्पस्थान काढून पाहिले. तेथे कोवळी पाने पावसाळ्यात व वसंतात, साल शरदात आणि मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात पाने गळाल्यावर घ्यावीत असे सांगितले आहे. आजांना अक्षरओळख नाही. ग्रंथातून लोकांत ज्ञान आले की लोकांतून ग्रंथात गेले, याचा निवाडा मी करू शकत नाही. पण या दोन टोकांच्या मध्ये एक अखंड वाट असली पाहिजे, एवढे निश्चित.

चौथे अंग माप. आजांकडे तराजू नाही. मूठ, चिमूट आणि बोटाचे पेर ही त्यांची मापे. प्रथम मला ही मापे ढोबळ वाटली. नंतर ध्यानात आले की ही मूठ देणाऱ्याची नसून घेणाऱ्याची असते. पोराला द्यावयाचे तर पोराची मूठ, बाईला द्यावयाचे तर बाईची. वयाप्रमाणे व अंगाप्रमाणे औषध कमीजास्त करण्याची युक्ती त्या मापातच बसविलेली आहे.

पाचवे अंग मर्यादा. ते सर्वांत महत्त्वाचे, म्हणून त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

स्वयंपाकघरालाही या ज्ञानातून वगळता येत नाही. शेवळे हे त्याचे चांगले उदाहरण. पावसाच्या तोंडावर जमिनीतून वर येणारे हे कोंब घशाला भयंकर खाजतात. म्हणून त्यांत काकड नावाची आंबट फळे घालतात, म्हणजे खाज मरते. हे कोणा वैद्याने लिहून दिलेले नाही. विषारी आणि खाण्याजोगे यांमधील रेघ आमच्या बायकांनी चुलीपाशीच आखली आहे.

शिकविण्याची पद्धत

वर्गात आपण आधी नाव शिकतो, मग वस्तू पाहतो. आजांची पद्धत नेमकी उलटी आहे. ते नाव शेवटी सांगतात. मी एखादे झाड दाखवून हे काय, असे विचारले तर ते म्हणतात, “आधी हात लाव, मग वास घे, मग बोल.” पान चुरडून वास, देठ मोडून चीक, सालीवर नख ओढून आतला रंग, एवढे झाल्यावर नाव. तेच झाड पुन्हा पावसानंतर आणि पुन्हा उन्हाळ्यात दाखवितात. पाने नसताना जो झाड ओळखतो त्याला ते आले, असा त्यांचा दंडक आहे. गेल्या वर्षापासून त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. तरीही हातात पाला दिला की ते बोटांनी शिरा चाचपतात, नाकाशी नेतात आणि नाव सांगतात. ज्ञान डोळ्यांत नसून हातात उतरलेले असते, याचा यापेक्षा चांगला दाखला मला देता येणार नाही.

या पद्धतीला काही नियम जोडलेले आहेत. मुळी खणावयाची तर आदल्या संध्याकाळी झाडापाशी अक्षता ठेवून त्याला ‘आवतण’ द्यावयाचे. औषधाचे पैसे घ्यावयाचे नाहीत, घेतले तर गुण जातो. फार तर नारळ घ्यावा. सुशिक्षित मनुष्य यांना अंधश्रद्धा म्हणून मोकळा होईल. मला वाटते, नियमाचे कारण आणि नियमाचा परिणाम हे वेगवेगळे तपासावेत. आवतणामुळे कोणीही घाईने जाऊन मुळी उपटू शकत नाही, एक रात्र मध्ये जाते. पैसे न घेतल्यामुळे जास्त औषध देण्याचा मोह राहत नाही, आणि रान विकण्याचाही. नियम श्रद्धेच्या भाषेत सांगितले आहेत, पण काम संयमाचे करतात.

आणखी एक नियम मात्र मला मान्य नाही. ही विद्या मुलाला किंवा पुतण्याला द्यावयाची, मुलीला नाही, कारण मुलगी परघरी जाते. आजांच्या दोन्ही मुलांना कारखान्यातून सवड नाही. प्रत्यक्षात गेली पंधरा वर्षे डोंगर चढून पाला आणते ती माझी चुलती. कोणते झाड कोणत्या ओहोळाला आहे हे तिला झोपेतही सांगता येईल. लोक औषध घेतात ते मात्र आजांच्या हातून. वारस नाही म्हणून पाड्यावर हळहळ होते आणि वारस चुलीपाशी बसलेली असते. मी हे आजांना एकदा विचारले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तिला ठावं आहे, हे मला ठावं आहे.” त्या दिवसापासून आलेल्या माणसाला ते तिच्या हातून औषध देववितात.

इतिहासातील दुवे

हा विषय आपल्या तालुक्याला नवा नाही. सोपारा येथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. १९५६ मध्ये जवळच भुईगावला नवव्या लेखाचा शिलाखंड मिळाला. या नवव्या लेखाचा आशय आपल्या विषयाशी थेट जुळतो. दुखण्यात, लग्नकार्यात, मूल होताना लोक नाना प्रकारचे मंगलविधी करतात, त्यांचे फळ अल्प असते. दास-सेवकांशी चांगले वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राणिमात्रांविषयी संयम हेच खरे मंगल, असे त्यात सांगितले आहे. याच लेखमालेतील दुसरा लेख गिरनार व इतर ठिकाणी मिळाला आहे. त्यात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधी वनस्पती जेथे नाहीत तेथे आणून लावल्याचे नमूद आहे. म्हणजे विधी आणि औषध यांतला भेद आपल्या भूमीवर सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरला गेला होता.

दुसरा दुवा पोर्तुगीज काळातला. १५३४ मध्ये वसई गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेली. त्याच वर्षी गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य हिंदुस्थानात आला. पुढे मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. १५६३ मध्ये गोव्यात त्याचा हिंदुस्थानातील औषधींवरील संवादरूप ग्रंथ छापला गेला. हगवणीवरील एका झाडावर त्यात स्वतंत्र संवाद आहे, आणि ते झाड कुड्याचेच असे अभ्यासक मानतात. या ग्रंथात मालुपा नावाचा हिंदू वैद्य येतो, आणि मागितली ती वनस्पती आणून देणारी अंतोनिया नावाची दासी येते. ग्रंथ ओर्ताच्या नावावर आहे. पाला ओळखून आणणारा हात अंतोनियाचा होता.

याच्या उलट उदाहरण मलबारचे. डच अधिकारी व्हान ऱ्हीडे याने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला प्रसिद्ध केला. त्याच्या पहिल्या खंडात इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचे, तसेच रंगभट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचे साक्षीपत्र छापलेले आहे. कोकणी वैद्यांचे पत्र नागरी लिपीत आहे. माहिती कोणी दिली हे ग्रंथाने लपविले नाही, म्हणून साडेतीनशे वर्षांनंतरही ती नावे आपल्याला घेता येतात. आपल्या वह्यांपुढे हा आदर्श असावा.

प्रयोगशाळेची कसोटी

झाडपाल्याचे औषध खरे की खोटे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. प्रश्नच चुकीचा आहे. प्रत्येक औषधाला वेगळी कसोटी लावावी लागते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीची रक्तदाबाच्या रोग्यांवर रीतसर चाचणी घेतली आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर ही मुळी जगभर पोहोचली. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. अडुळशातील व्हॅसिसिन या द्रव्यावरून पुढे ब्रोमहेक्सिन व ॲम्ब्रॉक्सोल ही खोकल्यावरील औषधे तयार झाली. आज आपण दुकानातून बाटली आणतो तेव्हा कुंपणावरच्या अडुळशाचे दूरचे नातलग घरी आणीत असतो.

ही एक बाजू झाली. दुसरी बाजू गुळवेलीची. कोरोनाच्या साथीत गुळवेलीचा काढा घरोघरी सुरू झाला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रोग्यांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की रोग्यांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती याची खात्री केलेली नाही, ती टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची दुसरी वेल असू शकेल. या वादात कोणाची बाजू बरोबर हे मी सांगू शकत नाही. पण वाद कोठे येऊन थांबला ते पाहावे. तो ‘ओळख’ या पहिल्या अंगापाशी थांबला. औषधाचे नाव घरोघर पोहोचले, मात्र पाला ओळखणारा हात पोहोचला नाही. केवळ यादी लिहून ज्ञान जतन होईल असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानी ठेवावे.

मर्यादेचे ज्ञान

आता पाचव्या अंगाकडे वळू. मी वहीत लिहू लागले तेव्हा आजांनी चार अटी घातल्या. झाडांची नावे आपली लिही. माप लिहू नको, ते समोर बसून शिकावे. वही व्यापाऱ्याला देऊ नको. चौथी अट ऐकून मी थांबले. “जे बरे झाले ते लोक सांगतीलच. जे गेले तेही लिही.”

त्यांनी सांगितलेली अशी पहिली नोंद त्यांच्या तरुणपणीची आहे. श्रावणात भुईवर निजलेला एक मुलगा पहाटे पोट दुखते म्हणून उठला. अंगावर दंशाची खूण दिसेना. पोटदुखीचा पाला दिला. उजाडता उजाडता त्याच्या पापण्या मिटू लागल्या, शब्द जड झाला, आणि दुपारच्या आत तो गेला. ती मण्यार होती. मण्यारीचा दंश बहुधा रात्री निजलेल्या माणसाला होतो, दुखत नाही, सूज येत नाही, म्हणून कळत नाही. तेव्हापासून पावसाळ्यात पहाटे पोट दुखते म्हणून कोणी आले तर आजा आधी पापण्या पाहतात आणि गाडी बोलवा म्हणतात. “मण्यारीला पाला नाही,” हे वाक्य त्यांच्या साऱ्या विद्येत मला सर्वांत मोलाचे वाटते.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर प्रतिविषाचे इंजेक्शन हाच उपाय आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली असा अंदाज एका अभ्यासात मांडला आहे, आणि त्यांतील बहुसंख्य खेड्यांतील. विंचवाचेही तसेच. रायगड जिल्ह्यातील महाड-बिरवाडी भागात डॉ. हिंमतराव बावसकर यांनी वर्षानुवर्षे रोग्यांच्या उशाशी बसून लाल विंचवाच्या दंशाचा अभ्यास केला, प्राझोसिन हे औषध वापरले आणि मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ खाली आणले. त्यांचे शोधनिबंध लॅन्सेटसारख्या नियतकालिकात आले. बावसकरांनी रोगी पाहून लिहून ठेवले, आजांनी रोगी पाहून मनात ठेवले. निरीक्षणाची जात एकच आहे. फरक नोंदीचा आहे, आणि नोंद नसल्यामुळे पाड्यापाड्यावर तीच चूक पुन्हा नव्याने होते.

महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरविला आहे. काहींना हा कायदा गावठी औषधाच्या मुळावर आला असे वाटते. मला तसे वाटत नाही. आजांनी हीच सीमा कायद्याच्या कितीतरी आधी स्वतः आखली होती. जो आपली सीमा जाणतो त्याचेच ज्ञान टिकवावयाच्या लायकीचे असते.

ज्ञान कोणाचे?

लिहून ठेवावे तर चोरी होते आणि न लिहावे तर विद्या माणसाबरोबर जाते, असा पेच आहे. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेतील एका विद्यापीठाला मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. हळदीचा उपयोग आमच्या आज्यांना माहीत आहे, एवढे सांगून ते रद्द झाले नसते. छापील व लेखी पुरावे दाखवावे लागले. येथे लेखनाने रक्षण केले.

केरळातील काणी आदिवासींची गोष्ट वेगळी. १९८७ मध्ये डोंगरात वाट दाखविणारे काणी लोक एक रानफळ खाऊन न थकता चालतात हे शास्त्रज्ञांनी पाहिले. ती वनस्पती आरोग्यपच्चा. तिच्यापासून ‘जीवनी’ हे औषध झाले. त्याच्या परवाना-शुल्काचा व स्वामित्वधनाचा अर्धा वाटा काणी लोकांना देण्याचे ठरले आणि त्यासाठी १९९७ मध्ये त्यांचा न्यास स्थापन झाला. सांगणाऱ्याचा वाटा मानला गेला, ही गोष्ट मोठी.

आपल्याकडे यासाठी दोन कायदे आहेत. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असावी असे ठरले. या नोंदवहीच्या कल्पनेचा पुरस्कार डॉ. माधव गाडगीळ यांनी केला. २००६ च्या वनहक्क कायद्याने जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर वनवासी समूहांचा सामूहिक हक्क मान्य केला. मात्र २०२३ च्या दुरुस्तीने जैवविविधता कायद्यात ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला काही बंधनांतून सूट मिळाली. तेव्हा वही कोणी लिहिली, कोठे ठेवली आणि तिच्यावर नाव कोणाचे, हे प्रश्न आता केवळ अभ्यासाचे राहिलेले नाहीत, हक्काचे झाले आहेत.

आपण काय करू शकतो

आपल्या महाविद्यालयात पूर्वेच्या पाड्यांवरून, पश्चिमेच्या वाड्यांतून आणि कोळीवाड्यांतून मुले-मुली येतात. प्रत्येकाच्या घरी किंवा शेजारी झाडपाला जाणणारे कोणी म्हातारे माणूस आहे. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि भाषेचे विद्यार्थी यांनी एकत्र येऊन पुढील गोष्टी कराव्यात असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. एक, नावे त्या त्या बोलीत जशीच्या तशी लिहावीत. दोन, प्रत्येक वनस्पती तीन ऋतूंत पाहावी आणि प्राध्यापकांकडून तिची शास्त्रीय ओळख पटवावी. तीन, सांगणाऱ्याची संमती घ्यावी, वहीवर त्याचे नाव असावे आणि मूळ प्रत ग्रामसभेकडे राहावी. चार, जे औषधाने बरे झाले नाही त्याचीही नोंद व्हावी. पाच, बायकांना विचारावे. वारसा बहुधा त्यांच्याकडेच आहे.

वहीने माणसाची जागा भरून निघणार नाही, हे मान्य. कुड्याची साल जिभेवर ठेवल्यावाचून कळत नाही, ती कागदावर उतरत नाही. म्हणून वहीबरोबर चालणेही हवे, आणि चालावयास रान हवे. माझ्या वहीत आजवर त्रेपन्न वनस्पतींची नावे झाली आहेत. त्यांतील एकतीस मला पाने असताना ओळखता येतात. पाने नसताना फक्त नऊ. आजा म्हणतात, अजून दोन उन्हाळे लागतील. चुलती म्हणते, एकच पुरे.